किनाऱ्यावर उतरवून घेणारा हात

(नारळी पौर्णिमेनिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज नारळी पौर्णिमा. माझं माहेर पालघरकडच्या समुद्रकाठच्या एका गावातलं. तिथे आज सकाळपासून होड्या सजल्या असतील. सरकारी नियमाप्रमाणे पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, पण जुनी माणसं समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. मी लग्न होऊन बडोद्याला आले त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. इथे नारळी पौर्णिमा म्हणजे राखी आणि नारळीभात. समुद्र आपल्या कुणाच्या मनात नसतो. म्हणून मंडळाने मला या दिवशी बोलायला सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की समुद्रावरच बोलायचं. विषय आहे, समुद्रातला कचरा बाहेर काढणारे कोळी.

तुम्ही म्हणाल, ताई, आपला त्याच्याशी काय संबंध? आपण बडोदेकर. आपला संबंध विश्वामित्रीशी.

तर विश्वामित्रीपासूनच सुरुवात करते. २०२४ च्या ऑगस्टअखेरचा पूर आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. गणपती जेमतेम आठवड्यावर आले होते आणि आपण घरातला गाळ उपसत होतो. पाणी ओसरल्यावर मी पुलावरून गेले तेव्हा दोन्ही काठांच्या झाडांना पिशव्या लटकलेल्या दिसल्या. काळ्या, पांढऱ्या, निळ्या. पाणी कुठवर चढलं होतं ते मोजपट्टी न लावता कळत होतं. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले, मीही काढले. पण घरी आल्यावर मनात आलं, की फांद्यांना अडकल्या तेवढ्या आपल्याला दिसल्या. ज्या अडकल्या नाहीत त्या कुठे गेल्या?

उत्तर अवघड नाही. पावागडाकडून येणारी विश्वामित्री बडोद्यातून पुढे जाते, धाधर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात उतरतं. शाकवाल्याच्या लारीवरून आणलेली आपली पिशवी नाल्यात गेली की तिचा पुढचा प्रवास तिथपर्यंतचा. आणि खंभातचं आखात म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या जागांपैकी एक. तिथलं पाणी एका जागी थांबत नाही. दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं, आणि जे हाती लागेल ते घेऊन फिरतं.

आता माझ्या माहेराकडे वळू.

आमच्याकडे डोल लावतात. सौराष्ट्रात जाफराबादकडेही बोंबलासाठी हीच जाळी असतात. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, तोंडाशी खूप रुंद आणि शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं. ते समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधून पक्कं करतात, तोंड प्रवाहाकडे करून. डोल माशाच्या मागे धावत नाही. ती उभी राहते. भरती किंवा ओहोटीचं पाणी जे आणेल ते तिच्या पोटात जातं. पाणी पालटायच्या वेळी जरा थांबतं, तेवढ्यात शेपूट वर ओढून होडीत रिकामं करायचं. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, सगळं असं मिळतं.

आता विचार करा. जे जाळं पाणी आणेल ते झेलण्यासाठीच बांधलं आहे, त्यात पाण्याबरोबर फिरणारं प्लॅस्टिक येणारच. कोळी कचरा शोधायला जात नाही. कचरा रोज त्याच्या जाळ्यात येऊन बसतो.

मी माहेरी जाते तेव्हा होड्या लागायच्या वेळी किनाऱ्यावर जाऊन बसते. मासळी निवडायचं काम बायकांचं. एक मावशी आहेत, माझ्या आईच्या वेळच्या. त्यांच्यासमोर जवळ्याचा ढीग असतो. जवळा किती बारीक असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि अर्धा पारदर्शक. त्यात गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, शांपूच्या पुड्यांचे कोपरे, वेफर्सच्या पाकिटांच्या पट्ट्या मिसळलेल्या असतात. ओल्या जवळ्यात पिशवीचा तुकडा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. मावशींची बोटं एकेक तुकडा काढत असतात. पूर्वी एका पाटीला जेवढा वेळ लागायचा त्यापेक्षा आता किती जास्त लागतो, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बाय, आधी मासळी निवडायचो, आता कचरा निवडतो. मासळी उरते ती विकायची."

या निवडण्याची मजुरी कुणी देत नाही. बोंबील वलांडीवर सुकत घालायला उशीर होतो तो वेगळाच. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूंचा मांडव. होडीच्या पंख्यात पिशवी किंवा दोरी गुंडाळली गेली तर भर समुद्रात इंजिन बंद करून पाण्यात उतरावं लागतं. इंजिन थंड करायचं पाणी जिथून आत घेतात तिथे प्लॅस्टिक बसलं तर इंजिन तापतं. हा सगळा खर्च कोळी आपल्या खिशातून करतो. कचरा मात्र त्याचा नसतो.

मग मी त्याच होडीवरच्या तांडेलदादांना विचारलं, जाळ्यात आलेल्या प्लॅस्टिकचं तुम्ही काय करता? ते जरा ओशाळले आणि खरं ते बोलले. बरंचसं परत समुद्रात टाकतो. मला राग आला. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे राग आला की उपदेश करायची सवय आहे. मी म्हटलं, दादा, हातात आलेलं परत टाकता? त्यांनी शांतपणे विचारलं, ताई, किनाऱ्यावर आणून ठेवू कुठे?

मित्रहो, मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या एका प्रश्नात आहे.

होडी लहान असते. खणात मासळी आणि बर्फ असतो. घाणेरडं प्लॅस्टिक मासळीजवळ ठेवलं तर मासळीचा भाव पडतो. बरं, आणलं. धक्क्यावर त्याच्यासाठी पेटी नाही, गाडी नाही, माणूस नाही. तिथेच ठेवलं तर लोक म्हणणार, कोळ्यांनी धक्का घाण केला. आणि भरतीला ते पुन्हा पाण्यातच जाणार. म्हणजे होडीवरची जागा द्या, वेळ द्या, घरच्या बायकांचे शब्द ऐका, आणि शेवटी कचरा होता तिथेच. असं काम शहाणा माणूस किती दिवस करील?

आपण नेहमी म्हणतो, लोकांत जागृती हवी. तांडेलदादांना जागृती शिकवायची गरज नव्हती. समुद्राचं काय झालं आहे ते आपल्या सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यांच्याकडे एकच गोष्ट नव्हती. त्यांनी आणलेलं ओझं किनाऱ्यावर उतरवून घेणारा हात.

हा हात जिथे पुढे आला तिथे काय झालं, ते आता सांगते.

केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा आणि शक्तिकुलंगरा ही मासेमारीची मोठी बंदरं आहेत. शेकडो ट्रॉलर तिथून निघतात. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळाजवळून ओढलं जातं, त्यामुळे तळाशी बसलेलं प्लॅस्टिक मासळीबरोबर वर येतं. तिथेही ते परत टाकण्याचीच रीत होती. २०१७ साली केरळ सरकारने तिथे 'शुचित्व सागरम' नावाची योजना सुरू केली. जे. मर्सीकुट्टी अम्मा तेव्हा मत्स्यव्यवसायमंत्री होत्या. योजना अगदी साधी. बोटींना मजबूत नायलॉनच्या पिशव्या दिल्या. मासळीबरोबर आलेलं प्लॅस्टिक त्या पिशवीत भरायचं आणि बंदरात द्यायचं, बस्स. बंदरात ते घ्यायला माणसं ठेवली. मच्छीमार कुटुंबांतल्या बायकांना पगारी काम दिलं, प्लॅस्टिक धुवायचं, निवडायचं, वाळवायचं. बंदरातच तुकडे करायचं यंत्र बसवलं. ऊन आणि मीठ खाऊन प्लॅस्टिक इतकं कुजकट झालेलं असतं की त्याची पुन्हा बादली किंवा खुर्ची होणं कठीण. म्हणून ते तुकडे डांबरात मिसळून रस्त्यांसाठी द्यायचे. डांबरात प्लॅस्टिक मिसळण्याची ही पद्धत मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी बसवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पहिल्या दहा महिन्यांत नीण्डकऱ्याच्या बोटींनी सुमारे २५ टन प्लॅस्टिक बाहेर आणल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे. आत्ता एवढंच लक्षात घ्या, की खलाशी तेच होते, बोटी त्याच होत्या, जाळी तीच होती. आदल्या वर्षी ते प्लॅस्टिक परत टाकत होते आणि त्या वर्षी आणू लागले. बदल झाला होता तो धक्क्यावर. आणि माझ्या मावशी जे काम फुकट करतात, तेच काम तिथल्या बायका पगार घेऊन करत होत्या.

ही कल्पना केरळने पहिल्यांदा राबवली असं नाही. उत्तर समुद्राच्या काठावर, नेदरलँड्समध्ये, २००० साली मच्छीमारांबरोबर असंच काम सुरू झालं. 'किमो' नावाची तिकडच्या किनाऱ्यावरच्या नगरपालिकांची संघटना आहे. तिने हे काम उचललं आणि पसरवलं. २००५ पासून ते स्कॉटलंडमध्येही सुरू झालं. त्यांची पद्धतही अशीच: बोटीला मोठी पोती द्यायची, भरलेलं पोतं धक्क्यावर ठेवायचं, पुढचा खर्च मच्छीमाराच्या अंगावर नाही. मच्छीमाराला त्याचे पैसे मिळत नाहीत. तरी ते आणतात. कारण त्यांना ते नको असतंच, फक्त ते घेणारं कुणी हवं असतं.

इटलीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथे कायद्याचाच घोटाळा होता. मच्छीमाराने जाळ्यातला कचरा बंदरात आणला, तर तो कचरा त्यानेच निर्माण केला असं धरलं जाण्याची भीती होती. मग विल्हेवाटीचा खर्च त्याच्याच माथी. म्हणजे समुद्रात परत टाकणारा सुटला आणि प्रामाणिकपणे घेऊन येणारा अडकला! तिथे २०२२ साली कायदा करावा लागला, की चुकून जाळ्यात आलेला कचरा मच्छीमाराला बंदरात विनाखर्च देता यावा. त्याआधी २०१९ मध्ये युरोपीय संघाने आपल्या बंदरांसाठी तसाच नियम केला होता. आणि दक्षिण कोरियाने त्याच्याही पुढे जाऊन २००३ पासून मच्छीमारांकडून असा कचरा पोत्यामागे पैसे देऊन विकत घ्यायला सुरुवात केली.

देश वेगळे, भाषा वेगळ्या, मासे वेगळे. पण अडचण एकच होती आणि उपायही एकच निघाला. समुद्रावर काही करावं लागलं नाही. किनाऱ्यावर करावं लागलं.

कुणी म्हणेल, आपल्याकडच्या कोळ्यांना हे जमेल का? त्यांना पोटाची चिंता. अशा शंका काढणाऱ्यांना मी आपल्या गुजरातचीच गोष्ट सांगते.

वेरावळकडच्या समुद्रात व्हेल शार्क येतात. मुशी माशाचा हा थोरला भाऊबंद. जगातला सर्वांत मोठा मासा, आणि माणसाच्या वाटेला न जाणारा. एके काळी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची मोठी शिकार व्हायची. त्याच्या काळजाचं तेल होड्यांना पाणी लागू नये म्हणून लावायचे आणि मांस परदेशी जायचं. २००१ साली कायद्याने शिकार बंद झाली. पण कायदा समुद्रात कोण बघतो? २००४ मध्ये एक मोहीम सुरू झाली. तिच्यात मोरारीबापूंनी मच्छीमारांना त्यांच्याच भाषेत समजावलं, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. माहेरी आलेल्या लेकीला कुणी मारतं का? माशाचं नावच पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. त्यानंतर वेरावळ आणि आसपासच्या मच्छीमारांनी जाळ्यात अडकलेल्या शेकडो व्हेल शार्क स्वतःच्या हाताने जाळं कापून सोडल्या.

आपल्याकडे गौरी येतात तेव्हा त्यांना आपण माहेरवाशीण म्हणतो, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पण तिची दुसरी बाजू विसरू नका. जाळं कापलं की मच्छीमाराचं हजारो रुपयांचं नुकसान होतं. त्या नुकसानीची भरपाई देण्याची सोय केली गेली, म्हणून ती भावना टिकली. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळं कापून सोडला आणि त्याचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवला, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे. चांगुलपणा करताना तुझं नुकसान होऊ देणार नाही, एवढंच ती सांगते. नुसत्या भावनेवर समुद्र साफ होत नाही, आणि नुसत्या पैशावरही होत नाही.

आता दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत, नाहीतर मी माहेरची बाजू घेते असं तुम्ही म्हणाल.

पहिली गोष्ट. समुद्रातला सगळा कचरा आपला आणि कोळी अगदी निर्दोष, असंही नाही. माझ्या वडिलांच्या तरुणपणी जाळी सुताची आणि सणाची असायची, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकवलेली. तसं जाळं समुद्रात हरवलं तर कुजून जायचं. पुढे नायलॉन आलं. हलकं, मजबूत, न कुजणारं. जाळं विणणाऱ्यांचे कष्ट वाचले, पण हरवलेलं नायलॉनचं जाळं मरत नाही. ते समुद्रात मासे पकडतच राहतं, कासवं अडकवत राहतं, आणि तो मासा कुणाच्याही ताटात येत नाही. अशा जाळ्यांना जगभर भुताची जाळी म्हणतात. फाटलेल्या जाळ्यांचे तुकडे, तुटलेल्या दोऱ्या, थर्माकोलचे खोके, हा धंद्यातलाच कचरा आहे, आणि तांडेलदादा ते नाकारत नाहीत. पण त्यालाही उपाय तोच. जुनं जाळं घ्यायला धक्क्यावर कुणी उभं असेल तर ते समुद्रात जाणार नाही. नायलॉनचं जाळं वितळवून त्याचा पुन्हा धागा करता येतो. ते कचऱ्यात जमा करण्याचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. मघाशी मी २५ टन म्हटलं. ऐकायला फार वाटतं. आता दुसरा आकडा ऐका. 'सायन्स' या नियतकालिकात २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात ४८ लाख ते १२७ लाख टन प्लॅस्टिक गेलं. यातला लहानातला लहान आकडा घेतला तरी दिवसाला १३,००० टनांहून जास्त, म्हणजे मिनिटाला सुमारे नऊ टन. नीण्डकऱ्याच्या शेकडो बोटींनी दहा महिन्यांत जे बाहेर काढलं, ते जगाने तीन मिनिटांच्या आत समुद्रात घातलं होतं.

हा हिशेब मी पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा पेन खाली ठेवला. मग कशाला हे सगळं? कोळ्यांनी काढायचं कशाला?

पुष्कळ विचार केल्यावर मला असं वाटतं. घरात नळ फुटला आहे आणि एक माणूस फडक्याने पाणी टिपतो आहे. पाणी टिपण्याने नळ बंद होणार नाही हे त्यालाही कळतं. पण त्याच्या पायाखालची तेवढी जमीन कोरडी राहते. जिथे बोटी फिरतात तिथला तळ थोडा मोकळा होतो, जिथे जवळा निवडतात तिथला ढीग थोडा स्वच्छ होतो. जो रोज कचरा बंदरात आणतो तो स्वतःची पाण्याची बाटली समुद्रात टाकत नाही. हे सगळं खरं आणि मोलाचं आहे. पण नळाची तोटी फडकं मारणाऱ्याच्या हातात नाही. ती आपल्या हातात आहे. कोळ्यांचं कौतुक करून आपण तोटी सोडून दिली, तर ते कौतुक खोटं आहे.

म्हणून शेवटी आपल्या मंडळाकडे येते. आता तीन आठवड्यांच्या आत गणपती येतील.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला मी विसर्जनाच्या कृत्रिम तलावावर गेले होते. पूर्वी आपण सुरसागरात विसर्जन करायचो. आता असे तलाव करतात, ते चांगलंच आहे. तिथे निर्माल्याचा मोठा कलशही होता. मी बाजूला उभी राहून पाहिलं. येणारा प्रत्येक जण भक्तिभावाने निर्माल्य आणत होता आणि गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कलशात टाकत होता. त्यात आपल्या मंडळातली माणसंही होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या हातातही तशीच पिशवी होती. रात्री सफाई करणारा मुलगा एकेक पिशवी फाडून फुलं वेगळी करत बसला होता. थोड्या वेळाने त्याने फाडायचं सोडलं आणि सगळं एकत्र गाडीत भरलं. मी त्याला दोष देत नाही. त्याला पाहून मला मावशींची बोटं आठवली.

पिशवी टाकणारेही वाईट नव्हते. घाईत होते, मुलं बरोबर होती, मागे रांग होती. कलश होता, पण हातातलं उतरवून घेणारा माणूस नव्हता. तांडेलदादांची अडचण आणि आपली अडचण यांत मला काहीच फरक दिसला नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदा विसर्जनाच्या ठिकाणी आपण दोन टेबलं मांडू. आपल्यातले आठ-दहा जण आळीपाळीने उभे राहतील. येणाऱ्याच्या हातातली पिशवी घ्यायची, नमस्कार करायचा, फुलं-पत्री पिंपात रिकामी करायची, प्लॅस्टिक वेगळ्या पोत्यात. फुलांचं खत होईल. भाषण करायचं नाही, कुणाला ओरडायचं नाही. फक्त हात पुढे करायचा. मखरासाठी थर्माकोल कुणी आणू नये हे वेगळं सांगायला नको. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. तरी कुणाच्या माळ्यावर जुनं मखर असेल तर ते नाल्याकाठी ठेवू नका, तेही टेबलावर आणा. थर्माकोल पाण्यात गेला की त्याचे मणी मणी होतात. ते जवळ्यातून निवडता येत नाहीत, कुणाच्याही बोटांना.

एका टेबलाने खंभातचं आखात स्वच्छ होणार नाही. मिनिटाला नऊ टनांचा हिशेब मी विसरलेले नाही. पण त्या रात्री आपल्या मंडळाकडून तरी विश्वामित्रीत काही जाणार नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाने टेबल मांडलं तर चांगलंच.

पुढच्या महिन्यात मी माहेरी जाणार आहे. मावशी विचारतील, काय बाय, बडोद्याला काय चाललंय? आजवर मी सांगत आले, सगळं ठीक. यंदा मला त्यांना सांगायचं आहे, की तुमच्या जवळ्यात येणाऱ्या पिशव्यांपैकी थोड्या पिशव्या आम्ही वरच अडवल्या. किती अडवल्या ते तुमच्यावर सोपवून मी खाली बसते.

टेबलासाठी नावं द्यायची असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत. वही आणली आहे.

गणपती बाप्पा मोरया!